बिल्ल्यावरचा खंड्या

लिंबूकाकांच्या बोटांना बारा महिने लिंबाचा वास येतो, म्हणून ते लिंबूकाका. खरं नाव पोस्टमनला माहीत असेल.

मासे पकडायच्या काठीला दोरा गुंडाळायचं रीळ असतं. जुन्या रिळांवर कारखान्याचा पितळी बिल्ला असे, कोटाच्या बटणाएवढा. तो काळा पडतो, कडेनं हिरवा होतो. काका तो उजळतात. रिळं दुरुस्त करणारे गावात आणखी दोघं आहेत, पण बिल्ला दिसला की तेही स्क्रू काढून तो काकांकडे पाठवतात.

मी त्यांच्या वरच्या खोलीत भाड्यानं राहते. साहित्याची पदवी घेऊन नोकरी शोधत होते, तेव्हा एकदा जिन्यात त्यांनी मला अडवलं.

"वाचता येतं ना?"

"येतं."

"मग हे वाच."

हातात बिल्ला आणि भिंग. कडेनं मुंगीएवढी अक्षरं होती. त्यांना ती दिसेनाशी झाली होती. मी वाचली. दुसऱ्या दिवशी पुन्हा बोलावलं. आमच्या वयात पंचेचाळीस वर्षांचं अंतर आहे. मैत्री त्याहून सोप्या कारणानं झाली.

त्यांचं टेबल खिडकीपाशी आहे. त्यावर डब्याची झाकणं, जुने टूथब्रश, टोक काढलेल्या बांबूच्या काड्या, वस्त्रगाळ केलेली खडूची पूड. काका आधी बिल्ल्याची पाठ घासून बघतात. पितळ किती जाड आहे, वर मुलामा आहे का, ते पाठीवर कळतं. मग लिंबाचा एक थेंब, चिमूटभर पूड, आणि चिंधीत गुंडाळलेलं बोट. सात वेळा फिरवायचं. थांबायचं. धुवायचं. बघायचं. एका बिल्ल्याला दोन दिवस सहज जातात.

"हा माणूस घरातलं एक पातेलं घासत नाही," काकू सांगतात. "म्हणतो, मी हळू घासतो. याला पातेलं दिलं तर सकाळची आमटी रात्री होईल."

एक गिऱ्हाईक एकदा म्हणालं, "आरशासारखा करा."

"आरसा हवा असेल तर आरसा घ्या," काका म्हणाले आणि बिल्ला परत केला.

गावात त्यांच्या या हट्टाचं कौतुक होतं. मीही ते कौतुक केलं आहे, चारचौघांत, अक्कल पाजळत. हट्ट कुठून आला ते कधी विचारलं नाही.

मग एका दुपारी थापाड्याची बायको आली.

थापाड्या म्हणजे काकांचा लहानपणापासूनचा दोस्त. होड्या दुरुस्त करायचा. गेल्या वर्षी वारला. मी त्याला धक्क्यावर पाहिलं होतं, पाण्याकडे पाठ करून गोष्टी सांगताना. दाराएवढा मासा त्याच्या गळाला लागला होता. एकदा माशानं त्याचं घड्याळ गिळलं आणि तीन महिन्यांनी त्याच माशाच्या पोटातून ते चालू स्थितीत निघालं. लोक हसायचे. तोही हसायचा. फक्त एका गोष्टीवर त्याला हसलेलं चालत नसे. आपल्या रिळाच्या बिल्ल्यावर मासा नाही, खंड्या आहे, असं तो म्हणायचा. त्या कारखान्याच्या सगळ्या रिळांवर मासा असतो. याच्या बिल्ल्यावर तर काहीच दिसत नसे, तवा परवडला इतका तो काळा होता.

"घास की मग," लोक म्हणायचे.

"घासायचा नाही," तो म्हणायचा. विषय तिथंच संपायचा.

वहिनींनी पिशवीतून रीळ काढून टेबलावर ठेवलं.

"भावजी, हा उजळून द्या."

काकांनी हात लावला नाही. "आता कशाला, वहिनी? राहू दे की तसंच."

"चाळीस वर्षं त्या माणसाच्या थापा ऐकल्या. दाराएवढ्या माशाचं मला काही नाही. घड्याळाचंही नाही. पण हे ते मला लग्नाच्या आधीपासून सांगत होते. आजारात सुद्धा म्हणाले, आपल्याकडे खंड्या आहे हं. मला एवढंच बघायचंय. एक तरी गोष्ट खरी होती का?"

"असेल की."

"असेल नको. दाखवा."

काकू चहा घेऊन आल्या आणि दारातच थांबल्या. त्यांना नवऱ्याच्या चेहऱ्यावर काहीतरी दिसलं असावं. मला दिसलं नाही. मी भिंग पुसत होते.

"काही दिसणार नाही," काका म्हणाले. "तो काळा रंग काढला तर खाली सपाट पितळ आहे."

"म्हणजे थापच."

"नाही. खंड्या होता. मी घालवला."

त्यांनी सांगितलं ते असं. बेचाळीस वर्षांपूर्वी काका नळाच्या कारखान्यात पॉलिशच्या चाकावर होते. दोस्तानं बंदरावरच्या एका म्हाताऱ्या खलाशाकडून रीळ घेतलं आणि थेट यांच्याकडे आणलं. बिल्ल्यावर खंड्या होता, चोचीत मासोळी. दोघांनीच तो पाहिला. काकांनी जेवणाच्या सुट्टीत बिल्ला नळासारखाच चाकाला लावला, पॉलिशचा लाल मसाला लावून.

"तीन सेकंद," काका म्हणाले. "नळाला चेहरा नसतो, वहिनी. मला तेवढंच काम येत होतं. उचलून बघतो तर लखलखीत. आणि कोरा."

"मग?"

"मग गंधकाच्या पाण्यात बुडवून काळा केला. त्याला सांगितलं, वर थर बसलाय, तो काढू नकोस. त्या थरामुळेच आतला पक्षी टिकेल."

काकूंच्या हातातला चहा तसाच होता.

"म्हणून ते कुणाला घासू द्यायचे नाहीत," वहिनी हळू म्हणाल्या. "लिंबूनं सांगितलंय, म्हणायचे. मला सुद्धा."

"हो."

"आणि धक्क्यावर सगळे हसायचे तेव्हा तुम्ही कुठं असायचात?"

"तिथंच."

"हसायचात?"

काकांनी समोरच्या चिंधीची घडी घातली. "हसायचो," ते म्हणाले.

मी मान खाली घातली. सात वेळा फिरवून थांबणारं ते बोट मला वर्षभर शहाणपणाचं वाटत आलं होतं.

वहिनींनी रीळ पिशवीत टाकलं. मग पुन्हा बाहेर काढलं. "आणि हे तरी मी खरं कशावरून मानू? तुम्ही त्यांचे दोस्त. विधवा बाई आली, तिचं मन राखायला एक गोष्ट रचली. त्यांच्याकडून शिकला असाल."

चाळीस वर्षांची अब्रू घालवून काकांनी खरं सांगितलं होतं, आणि ते थाप म्हणून परत आलं होतं.

मला राहवलं नाही. मी म्हणाले, "पलीकडे पाट्या कोरणारे आहेत. ते नवा खंड्या कोरून देतील."

"गप्प बस," काका म्हणाले. असं ते माझ्याशी कधी बोलले नव्हते. "खोटा पक्षी बसवला तर तो खरोखरचा थापाड्या ठरेल." मग वहिनींकडे वळून म्हणाले, "एक उपाय आहे. उद्या सकाळी या. उजेड चांगला असतो तेव्हा."

कारखान्यात एकदा चोरीचे नळ सापडले होते. चोरानं त्यावरचे नंबर घासून टाकले होते. तपासाला आलेल्या माणसानं पितळ खाणारं पाणी कापसानं लावलं आणि नंबर वर आले. ठोकून उठवलेला ठसा धातूला आतपर्यंत दाबतो. वरून तो गेला तरी दाबलेला भाग आत राहतो, आणि ते पाणी त्याला वेगळं खातं. काकांनी हे मला जिन्यात सांगितलं, पाट्यावाल्याकडून त्या पाण्याची बाटली आणायला जाताना.

"मग इतकी वर्षं हे का केलं नाही?"

"त्यासाठी आधी सांगावं लागलं असतं," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी वहिनी वेळेआधी आल्या. बसा म्हटलं तरी बसल्या नाहीत. काकांनी काळा थर काढला. खाली खरंच काही नव्हतं. कोरं, पिवळं पितळ. वहिनींनी ते पाहिलं आणि नजर खिडकीकडे नेली.

"हे एकदाच होईल," काका म्हणाले. "ठसा दिसला की लगेच पाण्यात बुडवायचं. उशीर झाला तर उरलेलाही जातो. मला नीट दिसत नाही. पोरी, तू बघ. दिसला की सांग."

त्यांनी तपकिरी पाण्यात कापसाचा बोळा बुडवला आणि बिल्ल्यावर फिरवला. थांबले. पुन्हा फिरवला. मी भिंगातून बघत होते. पितळ मंद झालं, डाग पडले. मग त्या डागांमध्ये एक रेघ वेगळी झाली. ती चोच होती. मागून डोकं आलं, मग पंखाची कड. चोचीत खरंच काहीतरी आडवं धरलेलं होतं.

साहित्य शिकलेल्या मुलीला एक शब्द बोलायचा होता, तोही मला सापडेना.

"पाणी!" वहिनी माझ्या खांद्यावरून ओरडल्या. "भावजी, पाणी!"

काकांनी बिल्ला वाडग्यात टाकला. काकूंनी दुसरं वाडगं पुढे केलं. धुऊन, टिपून बिल्ला वहिनींच्या तळहातावर ठेवला. खंड्या होता. शेपटी नव्हती, पाय नव्हते. बोटभर अंतरावरून सरळ बघितलं तर दिसत नव्हता. तिरका धरला की दिसत होता. वहिनी तो बराच वेळ तिरका करत राहिल्या.

"दिसतोय?" काकांनी विचारलं.

"दिसतोय." त्यांनी बिल्ला मुठीत धरला. "पण मला दाखवून काय उपयोग, भावजी? मी त्यांच्यावर हसत नव्हते. धक्क्यावर दाखवा."

काकू म्हणाल्या, "अहो, या वयात..."

"जातो," काका म्हणाले.

रविवारी सकाळी ते गेले. मी सोबत होते, वहिनी रिळाची पिशवी घेऊन दोन पावलं मागे. धक्क्यावर दहा-बारा जण गळ टाकून बसले होते. काकांना सगळे ओळखत होते. दोघांनी बसायला जागा केली. ते बसले नाहीत. उभ्यानंच सगळं सांगितलं. तीन सेकंद. गंधकाचं पाणी. हसलो ते. काही गाळलं नाही, काही जोडलं नाही. मग बिल्ला पुढे केला.

तो हातोहात गेला. प्रत्येकानं तिरका करून पाहिला. एकानं पाहिला आणि काकांकडे न बघता पुढे दिला. आणखी एकानं तसंच केलं. ज्याच्या घरी काकांनी उजळलेले सहा बिल्ले आहेत, तो आपली काठी उचलून दुसऱ्या टोकाला जाऊन बसला. काका त्याला जाताना बघत राहिले. मी त्यांचा हात धरायला गेले. त्यांनी सोडवून घेतला.

सर्वांत म्हातारा जो होता, त्यानं बिल्ला शेवटी घेतला. खूप वेळ बघितला.

"खंड्याच आहे," तो म्हणाला. मग वहिनींकडे बघून त्यानं विचारलं, "आणि घड्याळ?"

"ती थाप," वहिनी म्हणाल्या. "घड्याळ माझ्या कपाटात आहे. कधी चाललंच नाही."

दोन-तीन जण हसले. वहिनीही हसल्या आणि हसता हसता त्यांनी पदर डोळ्यांना लावला. काका हसले नाहीत. त्यांनी बिल्ला परत घेतला, खिशातला छोटा स्क्रू काढला आणि रिळावर जागेवर बसवायला लागले. भोक सापडत नव्हतं.

वहिनी बाजूला येऊन उभ्या राहिल्या. थोडा वेळ बघत राहिल्या.

"सरका," त्या म्हणाल्या. "मी धरते. तुम्ही पिळा."