तक्रारवाल्या बाईंचं खोपटं

टेलिफोन ऑफिसात तक्रारीच्या खिडकीवर नोकरीची सगळी वर्षं गेली, म्हणून कॉलनीत त्यांना तक्रारवाल्या बाई म्हणत. निवृत्त झाल्यावर त्यांना माणसाचा आवाजच नकोसा झाला. घरी मुलगा टीव्हीतल्या लोकांशी हुज्जत घालायचा, सून फोनवर आईशी कुजबुजायची. एक दिवस बाई उठल्या आणि कॉलनीमागच्या झाडीत गेल्या. दोन झाडांच्या बेचक्यांवर आडवी काठी टाकली, दोन्ही अंगांनी वाळक्या फांद्या टेकवल्या, वर पालापाचोळा पसरला. आत जाऊन बसल्या. कुणी काही विचारत नव्हतं. बाईंना पहिल्यांदाच निवृत्त झाल्यासारखं वाटलं.

हे सुख कॉलनीच्या सेक्रेटरीला बघवलं नाही. त्याला अधूनमधून कसला ना कसला झटका यायचा. या वेळी कलेचा आला.

“बाई, ही तर सामुदायिक कला!”

“हे खोपटं आहे,” बाई म्हणाल्या. “आणि माझं आहे.”

ऐकतो कोण! रविवारी सगळी कॉलनी टोप्या घालून खोपटी बांधायला झाडीत हजर. एक फांदी उचलायची आणि तिच्यासोबत चार फोटो काढायचे. दातांच्या डॉक्टरांचं खोपटं त्यांच्याच शिंकेनं बसलं, तर म्हणे तो कलाकृतीचाच भाग. सेक्रेटरीनं स्वतः इकडची काडी तिकडे केली नाही. बाईंच्या खोपटाला मात्र प्लॅस्टिकची फुलं लावली आणि पाटी ठोकली: ‘या, मन मोकळं करा.’

पहिला तोच आला. फतकल मारून बसला आणि बायको आपल्याला कशी विचारत नाही, ते सांगायला लागला.

“तुमची बायको शहाणी आहे,” बाई म्हणाल्या.

“म्हणजे?”

“म्हणजे उठा.”

त्यांनी पाटी उपटून त्याच्या हातात दिली आणि ओढ्यापलीकडची जागा धरली. तिथल्या चिखलात त्याचे पांढरे बूट उतरायचे नाहीत, ही खात्री होती. नवं खोपटं मुद्दाम बुटकं केलं. रांगतच आत शिरावं लागे.

एका दुपारी तिथे सून आली. पाय चिखलानं माखलेले, डोळे सुजलेले. बाईंनी तोंड वाकडं केलं. आता हिचं ऐका! पण सून रांगत आत आली, फांद्यांना पाठ टेकली आणि डोळे मिटून बसली. ऊन उतरेपर्यंत एक शब्द नाही.

ती निघाली तेव्हा बाई म्हणाल्या, “वर पाला कमी पडलाय. उद्या येताना घेऊन ये.”