मामंजींचा हावरट गडी

मी आयुष्यात एकच प्रोग्रॅम लिहिला, तोही तुमच्या पणजोबांना बुद्धिबळाला गडी मिळावा म्हणून. त्यांना मी मामंजी म्हणायचे.

ते दुष्काळाचं साल होतं. नळाला आठवड्यातून एकदा पाणी यायचं, आणि शहराबाहेर पडेगावच्या बाजूला इमारतींवर इमारती उठत होत्या. पाण्याचं बघू नंतर! मामंजींचे एकुलते खेळगडी करमाड गावचे. घरच्या मेंढ्या, थोडी कोरडवाहू शेती. दर रविवारी बसने यायचे आणि दोघं दुपारभर पटावर वाकलेले असायचे. त्या उन्हाळ्यात चाऱ्यासाठी कळप घेऊन ते गोदाकाठाला गेले. कधी परतणार, त्यांनाही ठाऊक नव्हतं.

मामंजींनी पट गुंडाळून कपाटावर टाकला आणि माझ्या स्वयंपाकघरात लक्ष घालायला सुरुवात केली.

"सूनबाई, वरणात पाणी लई झालं. टँकर आला का काय?"

थट्टा करायचे तोवर ठीक होतं. पुढे तेही थांबलं. सकाळचं फिरणं बंद, वर्तमानपत्र घडीसकट पडलेलं, दिवसभर नुसते खिडकीशी बसलेले. तुमच्या आजोबांनी एकदा वडिलांना विचारलं, "दादा, मी बसू का खेळायला?"

"तुझं इंग्रजी बुद्धिबळ. पहिल्याच चालीला प्यादं दोन घरं पळतं. आपल्याकडं असली घाई नाय."

मी तेव्हा इंग्रजी शाळेत गणित शिकवायचे. शाळेत नुकतेच संगणक आले होते, आम्हा शिक्षकांचा प्रोग्रॅमिंगचा वर्ग झाला होता आणि घरीही एक जुना संगणक होता. देशी नियमांनी खेळणारा गडी आपणच तयार करू, असं मी मनात घेतलं. एक नवी वही काढली, समास आखला आणि मामंजींसमोर बसले.

"नियम सांगा. एकेक करून."

"परीक्षा हाय का?" म्हणाले, पण सांगू लागले. प्यादं नेहमी एकच घर चालतं. राजाला आयुष्यात एकदा घोड्याची उडी माफ, पण शह बसण्याआधी. प्याद्यानं मात केली तर तिचा मान सगळ्यात मोठा. मी क्रमांक घालून तेवीस नियम उतरवले आणि शाळा सुटल्यावर रोज थोडंथोडं लिहीत गेले. दोन महिने लागले.

मामंजींना संगणकाच्या पडद्यावरचं नीट दिसायचं नाही. म्हणून पट टेबलावर मांडायचा, त्यांची चाल मी संगणकात घालायची आणि संगणकाची चाल पटावर करायची. मी म्हणजे त्याची हमाल. विचार करायला तो इतका वेळ घ्यायचा, की एका चालीत माझी मेथीची जुडी निवडून व्हायची. वीज गेली तर सगळा डाव वहीत उतरवून ठेवायचा.

पहिल्या डावात त्यानं मामंजींचा वजीर मारला, मग दोन्ही हत्ती, उंट. मी मनातून खूश. शेवटी त्यांच्याकडे राजा आणि एक प्यादं उरलं. संगणकानं तेही खाल्लं.

मामंजी टाळी वाजवून हसले. "बुर्ज! डाव बरोबरीत!"

"बरोबरीत? तुमच्याकडे तर काहीच उरलं नाही!"

"म्हणूनच. समोरच्याचा एकटा राजा ठेवला की बुर्ज. शेवटचं मोहरं मारायचं नसतं, सूनबाई. मान राखून मात करायची."

"हा नियम मला सांगितला नाहीत."

"हे काय सांगायचं असतं? शेंबड्या पोराला ठाऊक असतं."

पुढचे चारही डाव तसेच गेले. मी प्रत्येक मोहऱ्याला गुण दिले होते, आणि जास्त गुण दिसतील तिकडे तो धावायचा. मामंजी मुद्दाम त्याच्यापुढे मोहरे टाकायचे. तो खायचा, आणि बुर्ज व्हायचा. पाचव्या डावानंतर त्यांनी पट गुंडाळला.

"लई हावरट हाय तुझा गडी. ह्याच्याशी काय खेळायचं?"

मला ते लागलं. गणित माझं बरोबर होतं. तरी माणूस पुन्हा खिडकीशी जाऊन बसला होता. मी वहीत चोविसावा नियम लिहिला आणि आठवडाभर प्रोग्रॅम उसवला. शेवटचं मोहरं मारण्याची किंमत मी उणे केली. प्याद्यानं मात करण्याला सगळ्यात जास्त गुण दिले.

"एकच डाव," मी म्हटलं. ते नाइलाजाने आले.

डाव दुपारभर चालला. शेवटी पुन्हा त्यांच्याकडे राजा आणि एक प्यादं. ते प्यादं त्यांनी सरळ त्याच्या हत्तीपुढे सरकवलं आणि माझ्याकडे पाहिलं. संगणक बराच वेळ घुटमळला. मग त्यानं हत्ती हलवलाच नाही. बाजूचा उंट चालवला. मामंजींनी चष्मा सारखा केला. आणखी सहा चालींनी मी त्याचं प्यादं एक घर पुढे ठेवलं. सासऱ्यांना ते सांगायला माझी जीभ रेटेना.

"प्यादमात," तेच म्हणाले.

"मामंजी, चहा टाकू?"

"चहा राहू दे." ते भराभर मोहरे मांडायला लागले होते. "जिंकला त्याची पहिली चाल. विचार त्याला, काय चालतोय."