सतरंजीखालचा लाल उजेड

जॉइंट माझाच खराब आहे, हे सुपरवायझरने गाडीतून उतरायच्या आधीच ठरवून टाकलं होतं.

सुप्याजवळच्या एका गावात ग्रामपंचायतीचं इंटरनेट बंद पडलं होतं. तिथल्या काचेच्या तारा आठ दिवसांपूर्वी मी जोडल्या होत्या. एकटीने केलेलं माझं पहिलं काम. सुपरवायझरने माझ्यादेखतच ठेकेदाराला फोन लावला. "पोरीचा जॉइंट गेलाय साहेब. उद्यापासून मशीन दुसऱ्याकडं देतो." मला विचारलंसुद्धा नाही. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. ते जोडायचं मशीन हातात यावं म्हणून दीड वर्ष मी नुसत्या शिड्या धरल्या होत्या.

"आधी बघू तरी द्या," मी म्हणाले.

"काय बघायचं त्यात? बायकांचं काम हाय का हे?"

काय बघायचं ते सांगते. केसाएवढी काचेची तार असते. तिच्यात उजेड सोडला की तो कडेला तिरका आपटतो आणि बाहेर न पडता आतच परत फिरतो. असा आपटत, परतत तो कोसन् कोस जातो. हे मला पुस्तकाआधी बेलापूरला मामाच्या विहिरीत कळलं. बुडी मारून वर बघितलं की डोक्यावर आभाळ दिसायचं. जरा तिरकं बघितलं की पाण्याचा आरसा व्हायचा आणि त्यात विहिरीचे दगड उलटे दिसायचे. पोरींनी विहिरीत उतरायचं नाही, असं मामी ओरडायची. मी रोज उतरायचे.

तार फार मुरडली, तर मात्र उजेड कडेला तितका तिरका आपटत नाही आणि बाहेर सांडतो. जोड खराब असला तर जोडापाशी सांडतो. म्हणजे कुठे सांडतो तेवढं बघायचं.

ऑफिसात शिरून मी राउटरमधून काचेची तार असलेली पिवळी वायर काढली आणि तिच्या टोकाला लाल उजेडाचा पेन लावला. जोडाची पेटी टेबलाखाली भिंतीवर होती, तिचं झाकण उघडलं. पण भर दुपारी, उघड्या खिडक्यांत काय दिसणार? कोपऱ्यात ग्रामसभेची सतरंजी होती. ती टेबलावरून खाली सोडली आणि आत शिरले. धुळीने शिंका सुरू झाल्या. बाहेर सुपरवायझर खो खो हसत होता.

तिथेच बसलेल्या सरपंचबाई मात्र पदर खोचून माझ्यामागे आत आल्या. क्षणभर काहीच दिसेना. मग त्याच ओरडल्या, "अगं, हितं इंगळावानी लाल दिसतंय!"

"कुठं? पेटीत का?"

"न्हाई गं, पेटीत अंधार हाय. हितं, खिळ्यापाशी."

खिळ्याला वायर करकचून गुंडाळून वर प्लॅस्टिकचा पट्टा आवळलेला होता. आठ दिवसांपूर्वी मी काम संपवून गेले तेव्हा तिथे खिळासुद्धा नव्हता.

सरपंचबाई सतरंजीतून डोकं बाहेर काढून सुपरवायझरला म्हणाल्या, "आवं, ह्यो तर तुमीच बांधला हुता की! कामाच्या फोटोत वायर लोंबती दिसाय नको म्हून."

त्याचं हसू थांबलं. "बरं बरं. काप तो पट्टा, कर चालू."

आम्ही दोघी बाहेर आलो. मी कटर हातातच धरून उभी राहिले. "आधी फोन करा."

"कसला फोन?"

"मघाशी केला तसाच. त्याच साहेबांना."

त्याने फोन खिशातच ठेवला. हा मला घरी बसवू शकतो, हे मला ठाऊक होतं. बसवू दे, पण माझ्या जॉइंटच्या नावाने नाही. सरपंचबाईंनी खुर्ची पुढे सरकवली. "बसा की, निवांत करा."

त्याने नंबर लावला. "साहेब, जॉइंट चांगला हाय. वायर जरा जास्त आवळली गेल्ती."

"कोणी आवळली होती?" पलीकडे ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने मी विचारलं.

"...मीच, साहेब."

मग मी पट्टा कापला.