केबलच्या टोकाला मोजा

मला साउंडवाल्यांची किळस येते. सगळेच तसे नसतात असं म्हणायची पद्धत आहे, पण किळस न यावी असा एकही चेहरा मला तरी आठवत नाही.

माझी बायको ऑर्केस्ट्रात गाते. तीस वर्षं झाली. मी विक्रोळीच्या एका कारखान्यात इलेक्ट्रिशियन होतो. आता निवृत्त झालोय, त्यामुळे तिच्या कार्यक्रमांना पाण्याची बाटली आणि शाल सांभाळायला जातो. भांडुपच्या एका मैदानावर साउंडवाला केबलचा गुंता सोडवत बसला होता. दोन्ही हात अडकलेले, म्हणून केबलची लांब पिन त्याने तोंडात धरली होती. तोंडात गुटखा. गुंता सुटल्यावर पिन बाहेर काढली, पँटला पुसली आणि खुपसली मॉनिटरमध्ये. लाल थेंब सॉकेटच्या कडेवरून खाली आला. त्याच मॉनिटरच्या भरवशावर माझी बायको पाच मिनिटांनी गाणार होती.

मॉनिटर म्हणजे गाणाऱ्याच्या पायाशी तिरका ठेवलेला स्पीकर. मोठे स्पीकर लोकांकडे तोंड करून असतात. गाणाऱ्याला स्वतःचा आवाज ऐकू येतो तो या पायाशी पडलेल्या खोक्यातून. तो बंद पडला तर सूर कुठे चाललाय हे तिला कळायचं कसं?

आणि गेल्या वर्षभरात तिचा सूर खरंच उतरायला लागला होता. खाली सगळं ठीक, पण वरच्या पट्टीत गेली की किंचित कमी पडायची. गाता गाता ती माझ्याकडे बघून बोट वर करायची, म्हणजे मॉनिटर वाढवायला सांग. उतरल्यावर म्हणायची, "मॉनिटर येतच नव्हता रे." येणार कसा? मी त्या पिना बघितल्या होत्या. वाकड्या, गंजलेल्या, काळ्या टेपचे वेढे दिलेल्या, टेपच्या डिंकात कुणाचे तरी केस अडकलेल्या. स्टेजवर कुणाचा पाय अडला की ती पिन अर्धी बाहेर यायची आणि आवाज फुसफुसायचा. शिवाय तशीच पिन गिटारच्या बारीक वायरलाही असते, म्हणून हे महाभाग बिनदिक्कत ती बारीक वायर स्पीकरला जोडायचे. हात लावावा तर गरम. एकाला मी सांगितलं, तर म्हणाला, "चलता है काका, शो तर होतोय ना."

मग घाटकोपरच्या एका कार्यक्रमानंतर मंडळाच्या माणसाने मला बाजूला घेतलं. "काका, वाईट वाटून घेऊ नका. पुढच्या वेळेला ताईंची दोनच गाणी ठेवू या." दोन! जिने अख्खे कार्यक्रम एकटीने ओढले तिची दोन गाणी. माझं डोकंच फिरलं. मी ठरवलं की यापुढे मॉनिटर आपला, केबल आपली, कनेक्टरही आपला.

मॉनिटर एका बंद पडलेल्या ऑर्केस्ट्राकडून मिळाला. त्याचं सॉकेट मी स्वतः बदललं आणि स्पीकॉनचं बसवलं. स्पीकॉन हे प्लॅस्टिकचं जाड तोंड असतं. सॉकेटमध्ये घालायचं, उजवीकडे फिरवायचं, खट्ट आवाज आला की कुलूप लागलं. त्याची छोटी कळ मागे ओढून उलट फिरवल्याशिवाय ते निघत नाही. कुणी केबलवर नाचलं तरी नाही. तांबं आतल्या आत, त्यामुळे कुणाचं बोट नाही, थुंकी नाही. बाजारात दुकानदाराने आधी डुप्लिकेट माल पुढे केला. मी दुकानातच तीनदा फिरवला, चौथ्यांदा कळ त्याच्या काउंटरवर पडली. मग खरा माल आतून आला. अडीच एमएमची वायर घेतली, एक तार बाहेर राहणार नाही असे स्क्रू आवळले, मागची पकड घट्ट केली. बायकोला पलंगावर बसवून दहा वेळा दाखवलं.

"खट्ट ऐकलंस? हा सैल होऊच शकत नाही."

"झकास," ती म्हणाली. "आता झोपू दे यार."

राहिला प्रश्न घाणीचा. घरात तिचे अंगठ्याचे मोजे होते, एकेकटे राहिलेले. एकाचं पुढचं टोक कापून मी तो केबलवर ओवला. कनेक्टर बसला की मोजा वरून पुढे ओढायचा आणि रबरबँड लावायचा. केबल गुंडाळली की तोच मोजा उघड्या तोंडावर दुमडायचा. ती हसायची, म्हणायची, "माझे मोजे माझ्यापेक्षा तुझी केबलच जास्त वापरते."

मुलुंडच्या एका सोसायटीत हळदीकुंकवाचा कार्यक्रम होता. दुपारी चारची वेळ. दोन नाही, सहा गाणी ठरली होती. मी आधी जाऊन स्वतः केबल जोडली, खट्ट ऐकलं, मोजा ओढला. एवढ्यात सोसायटीचे सेक्रेटरी नारळ घेऊन स्टेजवर आले. फोडायला दगड शोधू लागले. दगड मिळेना, तेव्हा त्या गृहस्थांनी आमच्या मॉनिटरच्या लोखंडी कोपऱ्यावर नारळ आपटला. मी ओरडेपर्यंत दुसरा घाव बसला होता. पाणी जाळीवरून ओघळलं, त्यावर हळद, त्यावर कुंकू, आणि सगळ्याचा चिकट लगदा. "शुभ असतं हो," असं म्हणत त्यांनी ओला हात माझ्या मॉनिटरला पुसला. मला त्या माणसाची, त्या नारळाची, सगळ्या स्टेजची शिसारी आली. पुसायला फडकंही कुणाकडे नव्हतं. मी तिची शाल वापरली.

पहिलं गाणं बरं गेलं. दुसऱ्या गाण्यात वरची जागा आली, आणि सूर खाली राहिला. पुढच्या रांगेतल्या दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. बायकोने माझ्याकडे बघून बोट वर केलं.

नारळाचं पाणी! मी सेक्रेटरीला मनातल्या मनात शिव्या घालत वाकून स्टेजवर गेलो. मॉनिटरच्या मागे बसलो, मोजा मागे सारला, कनेक्टर चाचपला. घट्ट होता. त्याच्या कडेने बोट फिरवलं, थेंब नाही. मग पुढे सरकून कान जाळीपाशी नेला.

कानठळ्या बसल्या. तिचा आवाज स्वच्छ येत होता, दोन शब्दांमधला श्वाससुद्धा. तिकडून साउंडवाला हातवारे करत ओरडला, "काका, फुल दिलाय! अजून दिला तर स्पीकर शिट्टी मारेल!"

मी मान वर केली. ती माझ्याकडेच बघत होती, आणि तिचं बोट वर होतं.

घरी कुकरच्या शिट्ट्या मोजायचं काम गेल्या वर्षभरात माझ्याकडे आलं होतं. तिचं लक्ष नसतं म्हणून मी चिडायचो. दारावरची बेलही मीच ऐकायचो. वर्षभर मी गावभरच्या थुंकीला शिव्या दिल्या, आणि तिला एकदा कानाच्या डॉक्टरकडे नेलं नाही. त्या नारळाच्या लगद्याशेजारी गुडघ्यावर बसून मला माझीच किळस आली.

सहाही गाणी झाली. टाळ्याही पडल्या, जेवढ्या पडायच्या तेवढ्या. लोक तिळगूळ घेऊन पांगले. मी मॉनिटर पुसत होतो आणि ती नेहमीसारखी केबल गुंडाळत होती.

"काय झालं होतं रे मधे?" तिने विचारलं.

मी तोंड तिच्याकडे करून जरा मोठ्याने म्हणालो, "काही नाही गं. कनेक्टर सैल झाला होता."

तिचे हात थांबले. "तो तर फिरवून बसतो ना? सैल होऊच शकत नाही म्हणालास."

"मग पाणी गेलं असेल. नारळाचं."

तिने केबलच्या टोकाचा मोजा मुठीत धरून दाबला. पुन्हा एकदा दाबला. मग तो कनेक्टरवर नीट दुमडला आणि रबरबँड लावला.

"कोरडा आहे रे," ती म्हणाली.