कॅमेऱ्याला कुंकू

धायरीतल्या त्या काकांचं नाव मी कधी विचारलं नाही. त्यांच्या गच्चीवर मधमाश्यांची एक पेटी होती आणि पेटीच्या दाराशी आमच्या कंपनीचा कॅमेरा. येणाऱ्या-जाणाऱ्या माशीच्या अंगावर माश्यांचा जीव घेणारी तांबूस गोचीड दिसली, की माझ्या फोनवर इशारा यायचा. निदान यायला हवा होता. पण काका रोज सकाळी सदऱ्याच्या टोकाने भिंग पुसायचे आणि मला दिवसभर नुसतं धुकं दिसायचं.

"अहो, हात नका लावू त्याला!"

"मग धूळ बसू द्यायची? बरं."

खंडेनवमीला फोन सारखा वाजत सुटला. सगळ्या माश्या आजारी! औषध घेऊन मी धावत गच्चीवर पोचलो. कॅमेऱ्याला झेंडूची माळ, पेटीच्या दाराशी मूठभर कुंकू, आणि त्यातून लाल ठिपके घेऊन चालत येणाऱ्या माश्या.

"काका, हे काय?"

"आज हत्यारांची पूजा असते. तुमच्याकडे नसते?"

"अहो, कॅमेऱ्याला कुंकू म्हणजे गोचीड वाटते!"

"मग शिकवा की त्याला. शिकतो म्हणाला होतात ना?"

वैतागून आठवडाभर मी त्याला कुंकू शिकवलं. तो शिकला. दिवाळीनंतर खरी गोचीड आली, तेव्हा तिलाही तो कुंकूच समजला. इशारा आला नाही, म्हणून काका आणि मी दोघेही निर्धास्त होतो. पेटी उघडली तेव्हा तळाशी मेलेल्या माश्यांचा थर होता.

मी टोमण्याची वाट पाहत उभा राहिलो. सदऱ्याचं टोक धरून काका भिंग पुसत राहिले, आणि मी त्यांना अडवलं नाही.