शिआनचा पॅगोडा आणि आमच्या रजा

माझी बायको ओमानमध्ये, सीबमधल्या एका भारतीय शाळेत इतिहास शिकवायची. शेकडो वर्षांपूर्वी महाराष्ट्रात येऊन आपल्या लोकांबद्दल लिहून गेलेला तो चिनी भिक्खू तिचा भारी लाडका. त्याने भारतातून नेलेल्या पोथ्यांसाठी शिआन या प्राचीन राजधानीत पॅगोडा बांधला गेला. तो तिला चढायचा होता. तिथल्या जगप्रसिद्ध मातीच्या सैनिकांना तिने एका वाक्यात निकालात काढलं होतं : "मेलेल्या राजाचा पहारा काय बघायचा?"

मी तिथून दूर, दुक्मच्या रिफायनरीत, फक्त सुट्टीला सीबला घरी. वर्षाकाठी एक मोठी रजा. पण आम्ही आखातातली माणसं रजा आपली समजतच नाही, ती गावाकडच्यांची. भाच्याची मुंज, मावशीची पंचाहत्तरी, पुण्याच्या फ्लॅटचा ताबा. बॅगांत खजूर कोंबायचे आणि घरोघरी जेवत फिरायचं. शिआनचं मी दोनदा ठरवलं, दोन्ही वेळा तिनेच मोडता घातला. "मुंजीला नाही गेलो तर लोक काय म्हणतील?" लोक काहीही म्हणाले नसते. मला त्या मुंजींचा आजही राग येतो.

मग तिला स्वादुपिंडाचा कॅन्सर निघाला. प्रवासाचा विषयच संपला.

दुक्मला माझ्यासोबत काम करणारा एक चिनी इंजिनिअर मूळचा शिआनचा. तो रजेवर निघाला तेव्हा मी त्याला म्हटलं, जमलं तर माझ्या बायकोला व्हिडिओ कॉलवर तुझं गाव दाखव.

शुक्रवारी, मी सुट्टीला घरी असताना, सकाळी त्याचा कॉल आला. ती केस विंचरून, इस्त्रीची साडी नेसून, उशीला टेकून तयार होती. आधी त्याने शहराची तटबंदी दाखवली. इतकी रुंद, की वर लोक सायकली चालवत होते. मग भर चौकातला घंटेचा मनोरा, चारी बाजूंनी गाड्या. "सीबच्या राउंडअबाउटला हेच तर असतं," ती म्हणाली, आणि बऱ्याच दिवसांनी हसली. शेवटी पॅगोडा आला. मातकट विटांचा, एकावर एक मजले. ती उशी सोडून पुढे वाकली. मी पडद्याकडे कमी आणि तिच्याकडेच जास्त बघत होतो.

"मॅडम, वर जाऊ? सात मजले आहेत," त्याने इंग्रजीत विचारलं.

"नको. तिथेच थांबा. ते मी स्वतः चढणार आहे."

कॉल संपल्यावर मी चिडलो. "अगं, तो जात होता ना वर? बघून घ्यायचंस."

"अहो, सगळं आत्ताच बघितलं, तर मग जायचं कशाला?"

मला रडू आवरेना. तिने माझा हात धरला. "जिन्यांची काळजी करताय का? माझे गुडघे एकदम छान आहेत."

खरंच होते. पाडव्याआधी ती गेली, तेव्हाही तिचे गुडघे ठणठणीत होते.