दिवेलागणीच्या आत

माझ्या आई-बापाच्या लग्नाला मी हजर होते. हसू नका, खरं हाय. तीन-साडेतीन वर्षांची होते, आणि म्हणे मारुतीच्या पारावर बसून दोन लाडू खाल्ले.

त्याचं असं झालं. आबा, म्हणजे माझे वडील गहिनीनाथ, एकाहत्तरच्या लढाईत होते. पाटोद्याजवळच्या आमच्या गावात तार आली, तुमचा जवान सापडत न्हाई. त्यावर वर्ष होत आलं, पत्र न्हाई, निरोप न्हाई. आज्जा धुळाजी लई घाईचा माणूस. त्यानं दर्भाचा पुतळा करून पोराला अग्नी दिला, दहावं-तेरावं उरकलं आणि विशीतल्या माझ्या मायच्या, सुंदरबाईच्या, बांगड्या फोडायला लावल्या. त्याचा राग मला आजबी हाय. आणखी थोडं थांबला असता तर काय बिघडलं असतं त्याचं?

आबा जित्ते होते की! पलीकडं कैदेत होते. तेरावं होऊन महिना झाला न्हाई तर एका दुपारी स्टँडवरून चालत घरी आले, अंगानं निम्मे झालेले. मायनं त्यांना पाहिलं आणि दार लावून घेतलं. तिला वाटलं, भूत आलं. आबा बाहेर बसून राहिले. तिच्या माहेरच्या माणसांची नावं घेत राहिले, म्हशीचं नाव घेतलं, माझं घेतलं. ऊन कलल्यावर तिनं कडी काढली.

तेरावं झालेला माणूस परत आला तर त्याचं नव्यानं बारसं करावं लागतं, बायकोशी पुन्हा लगीन लावावं लागतं, असं जाणत्यांनी काढलं. तसं केलं. त्या दिवशी आबांनी मायला शब्द दिला, रोज दिवेलागणीच्या आत मी तुझ्यासमोर असेन. हे त्या दोघांनाच ठाऊक.

आबा पुन्हा पलटणीत गेले न्हाईत. शेत केलं, मला शिकवलं, मायला कधी उलटून बोलले न्हाईत. पण रात्र म्हणून बाहेर काढली न्हाई, पन्नास वर्षं. माझं लगीन उमापूरला लागलं, तर पंगती उठायच्या आत आबा परतीच्या टेम्पोत. माझ्या सासूनं ते दहा वर्षं उगाळलं. बाळंतपणात मी मरता मरता वाचले, तेव्हाबी सकाळच्या एसटीनं आले, खारीक-खोबरं ठेवलं, डोक्यावरून हात फिरवला आणि दुपारच्या गाडीनं निघाले. असं लगेच का निघता, तुमी बाप हाव का पाहुणे, असं मी तोंडावर म्हणले. त्यांनी खाली बघत पिशवी उचलली. माझं तोंड असंच फटकळ, काय करू.

मग एकदा मी माहेरी असताना त्यांची एसटी वाटेत बंद पडली. अंधार पडला तशी माय अंगणात जाऊन उभी राहिली आणि एकेक करून हातातल्या बांगड्या उतरवायला लागली. आबा धापा टाकत आले, तेव्हा एकच उरली होती. त्या दिवशी मायनं मला सगळं सांगितलं. पुन्हा मी कधी आबांना थांबा म्हणले न्हाई.

म्हणले, ते मागल्या श्रावणात. छातीत कळ आली म्हणून जीप करून बीडला दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, ठेवावं लागंल. आबा खाटेवरून उतरून चपला शोधायला लागले.

"वनमाला, पाच वाजले. घरी चल."

मी दंड धरून बसवलं. एका रात्रीनं काय होतंय, म्हणले. शेजारच्या सटवाच्या फोनवर मायला सांगितलं, आबा उद्या येतील. आत नेताना त्यांनी माझा पदर धरला.

"तिला सांग, कुणी काहीबी म्हणलं तरी ऐकू नको. मी हाय."

आत घरच्या माणसाला बसू देत न्हाईत. मी जिन्यात बसले. पहाटे नर्सनं हाक मारली तेव्हा सगळं संपलं होतं.

गावात आधी फोन पोचला. बायका मायकडं गेल्या, तर तिनं त्यांना दारातूनच परत लावलं. मागंबी तुमी असंच म्हणला होता, म्हणाली आणि दोघांच्या भाकरी थापायला बसली. गाडी दारात आली, आबांना खाली घेतलं, तेव्हा पिठाच्या हातानं उठली. त्यांच्या तोंडावरून हात फिरवत किती तरी वेळ बसली. रडली न्हाई. मग माझ्याकडं वळली.

"राती त्यांच्यापाशी कोण होतं?"

"मी होते, माय."

"हात धरला होतास का?"

"हो."

बरं केलंस, म्हणाली. मग कुठं तिला रडू फुटलं. जिना आणि आबांची खाट यांच्यात दोन दारं होती, दोन्ही बंद. आबांना तिथं नेलं मी, बळंच ठेवलं मी, आणि ते एकटे गेले. माय अजून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते, पोरगी होती म्हणून, हात धरून होती. मी तिथंच बसलेली असते, आणि मान हलवते.